अण्णांचा पासवर्ड

या, असे जवळ या. मागे बसलेल्यांनीही थोडे पुढे सरकून घ्यावे, कारण या गोष्टीतली माणसे पुष्कळ वेळा भिंतीकडे तोंड करून उभी राहतात आणि लांबून बघणाऱ्याला वाटेल की ती रुसली आहेत. त्यातली काही खरोखरच रुसली होती, पण ते यथावकाश येईल. आज एका जावयाची गोष्ट सांगतो. मनाने निर्मळ, वागायला गरीब, आणि सासुरवाडीत आल्यावर पुरता गोंधळलेला असा हा जावई.

त्याला सासुरवाडीत काही कमी नव्हते. पंख्याखालची खुर्ची त्याची, वर्तमानपत्र आधी त्याच्या हातात, दार लोटताना आवाज होऊ नये म्हणून सासूबाई दाराला हात लावून धरत. मिळत नव्हती ती फक्त सासऱ्यांची बोलणी.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. घराच्या मागच्या अंगाला त्यांचा चष्म्याच्या काचा घासून देण्याचा छोटा कारखाना होता. चष्म्याची दुकाने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचे नंबर संगणकाच्या टपालाने, म्हणजे ईमेलने, कळवत, इथे काचा तयार होत आणि पाकिटात बसून परत जात. अण्णांच्या स्वभावाचा एकच कायदा होता, ज्याच्यावर जीव त्याच्यावर आवाज. काचा घासणारे मेस्त्री सकाळच्या चहाआधी बोलणी खात. तयार काच उजेडात धरून तपासणाऱ्या आत्या, म्हणजे अण्णांच्या सख्ख्या बहीण, दुपारी खात. सासूबाई तर दिवसभर थोडी थोडी खात. परके माणूस आले की मात्र अण्णांचा आवाज लोण्यासारखा होई. "बसा, आपण बसा. पाणी घ्या."

जावयाला अण्णा अजून "आपण बसा" म्हणत.

"बाबांनी तुझ्यावर एकदा तोंड सोडलं ना, की समज तू घरातला झालास," त्याची बायको म्हणायची.

"मग मी काय करू?"

"ते काही करून होत नसतं रे. बाबांच्या आतून यायला पाहिजे."

आता यात आणखी एक गुंता होता. लग्न जमवणाऱ्या काकूंनी अण्णांना सांगितले होते की मुलगा संगणकाच्या लाइनीत आहे. ते अगदीच खोटे नव्हते. जावई संगणकाची टेबले विकत असे. टेबले, खुर्च्या, आणि कीबोर्ड ठेवायची ती आतबाहेर सरकणारी फळी. संगणक स्वतः त्याला लांबूनच ठाऊक होता, टेबलावर काय ठेवतात इतपत. पण लग्नात पाहुण्यांसमोर अण्णा मोठ्या आदराने म्हणाले, "आमचे जावई संगणकातले आहेत," आणि त्या गर्दीत "संगणकाखालचा आहे" असे दुरुस्त करायला त्याची जीभ रेटली नाही. नंतर रोज वाटे, आज सांगावे. पण इतक्या आदराने वागवणाऱ्या माणसाला सांगायचे कसे?

अशात दोघे चार दिवस राहायला आले असताना कारखान्याचे टपाल बंद पडले.

कारखान्यातून जाणारे सगळे ईमेल एका पेटीतून बाहेर पडत. ती पेटी कोठीच्या खोलीत, खोक्यांच्या मागे, धूळ खात बसलेली होती. तिला सर्व्हर म्हणत. कुणा ओळखीच्या माणसाने ती बसवून दिली आणि तो परदेशी निघून गेला. पेटी स्वभावाने इतकी भोळी, की आला त्याचे टपाल घेई आणि पुढे सोडी. "तू कोण" असे तिने आजवर कुणाला विचारले नव्हते. देवाच्या दारात हे शोभून दिसते. टपालाच्या दारात नाही.

जगाच्या पाठीवरच्या कुणा लबाडाला हे उघडे दार सापडले. त्याने कारखान्याच्या नावाने गठ्ठ्यांनी पत्रे सोडली, आणि तीही टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची. अण्णांच्या जुन्या स्नेह्यांपैकी एका डोळ्यांच्या डॉक्टरांना तसली पत्रे लागोपाठ गेली, आणि डॉक्टरांच्या डोक्यावर नावालाही केस नव्हता. त्यांचा फोन आला.

"अण्णा, आपला एवढा जुना संबंध. माझ्या डोक्याबद्दल काही म्हणायचं होतं तर समोर म्हणायचं."

"अहो, मी तेल विकत नाही हो," अण्णा काकुळतीला येऊन म्हणाले.

त्यानंतर कारखान्याचे खरे टपालही परत येऊ लागले. मोठमोठ्या टपाल कंपन्यांनी कारखान्याचे नाव काळ्या यादीत टाकले होते. दुकाने उत्तरासाठी खोळंबली. फोनवर नंबर कळवायला अण्णांची सक्त मनाई होती. अधिक आणि उणे यांत फोनवर गल्लत झाली तर नवा चष्मा घातलेला माणूस जिन्यावरून गडगडत यायचा, असे त्यांचे म्हणणे. नंबर लेखी यायचा आणि उत्तर लेखी जायचे.

"जावईबापू," अण्णा अदबीने म्हणाले, "आपल्याला त्रास द्यायचा नाही. आपण विश्रांतीला आलात. पण घरात संगणकातला माणूस असताना बाहेरचा कशाला बोलवा?"

घरात, असे अण्णा म्हणाले. तेवढा एक शब्द ऐकून जावई खुर्चीतून उठला आणि कोठीच्या खोलीत जाऊन पेटीसमोर बसला. वाघाच्या पिंजऱ्यासमोर बसतात तसा बसला, जरा अंतर राखून.

इंटरनेट कंपनीच्या मदतीच्या फोनवर एक मुलगी भेटली. तिचा आवाज शांत होता.

"सर, तुमच्या आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन नाहीये. म्हणजे तो कुणाला ओळख विचारतच नाही. ते चालू करावं लागेल. तुमच्याकडे ॲडमिन कोण आहे?"

जावयाने मागे वळून पाहिले. दारात अण्णा, सासूबाई, आत्या, मेस्त्री आणि बायको अशी रांग उभी होती आणि सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

"मी," तो म्हणाला.

मुलीने सांगितले तशी त्याने एक फाइल उघडली. तिच्यात मुंग्यांसारखी अक्षरे होती. मुलगी म्हणाली, अमुक ओळीत 'नो' आहे, तिथे 'येस' करा. त्याने केले. ती म्हणाली, सेव्ह करा. तेही केले. त्याला आत कुठेतरी वाटू लागले की आपण खरोखरच संगणकातले असू, फक्त आजवर कुणी विचारले नव्हते.

"आता रीस्टार्ट करा, सर."

रीस्टार्टची खूण पडद्यावर कुठेतरी असणार हे त्याच्या डोक्यात आले नाही. त्याने भिंतीवरचे सगळ्यात मोठे बटण पाहिले आणि खाली ओढले.

कारखान्यातले दिवे गेले. पंखे थांबले. घासायचे यंत्र घरघरत थांबले, आणि यंत्रात त्या क्षणी एक काच लावलेली होती. जावयाने घाईघाईने बटण वर केले. सगळे पुन्हा चालू झाले. मेस्त्री धावत यंत्राकडे गेले.

"असू द्या, असू द्या जावईबापू," अण्णा मऊ आवाजात म्हणाले. "वीज काय, येते जाते."

हेच मेस्त्रींच्या हातून झाले असते तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेले असते. जावयाला गालावर चापट बसल्यासारखे झाले.

असो. पेटी उठली ती बदलून उठली. आता ती ओळख विचारू लागली. मुलगी फोनवर म्हणाली, "छान झालं सर. आता प्रत्येकाच्या नावाला पासवर्ड द्या. एक लक्षात ठेवा, एक पासवर्ड एकाच माणसाला माहीत पाहिजे. तसं करा, मग मी काळ्या यादीतून तुमचं नाव काढायला सांगते."

जावयाने हे वाक्य कार्यालयाच्या खोलीत येऊन सगळ्यांना जसेच्या तसे सांगितले. इथपर्यंत काही बिघडले नव्हते. पण त्याला कारखान्याची रीत ठाऊक नव्हती.

कारखान्याची रीत अशी, की आपले काम आपण पास करायचे नाही. घासणाऱ्याने घासायचे, तपासणाऱ्याने तपासायचे. अण्णांनी घासलेली काचसुद्धा आत्यांनी उजेडात धरून हूं म्हटल्याशिवाय पाकिटात जात नसे. या एका रीतीवर कारखान्याचे नाव उभे होते.

"ज्याचा पासवर्ड त्यानेच ठेवायचा, त्यानेच वापरायचा?" आत्या म्हणाल्या. "मग तपासणार कोण?"

"तपासायचं नसतं हो आत्या ते."

"दादा, ऐकतोस का? या कारखान्यात न तपासलेलं काही बाहेर जाणार म्हणे."

अण्णा विचारात पडले. मेस्त्री म्हणाले, "मालक, दुसऱ्याने तपासलं तर दोघांना माहीत होईल. ती फोनवाली म्हणते एकालाच पाहिजे."

मग आत्यांचा चेहरा उजळला.

"सोपं आहे. वहिनीचा पासवर्ड मी ठरवते आणि वहिनीला सांगत नाही. माझा मेस्त्री ठरवतील. मेस्त्रींचा वहिनी ठरवतील. प्रत्येक पासवर्ड एकालाच माहीत, आणि कुणाचंही टपाल दुसऱ्याच्या हाताशिवाय बाहेर जात नाही."

यात काहीतरी चुकते आहे हे जावयाला कळत होते, पण काय ते बोट ठेवून सांगता येत नव्हते. मुलीचे वाक्य आणि आत्यांचे वाक्य त्याने मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही जुळत होती.

"हे आपल्या रीतीत बसतं," अण्णा समाधानाने म्हणाले. "आणि माझा पासवर्ड जावईबापूंकडे असू दे. घरातल्यांनी माझ्यावरून भांडायला नको. पाहुण्या माणसाकडे असलेला बरा."

पाहुण्या माणसाकडे. जावयाने मान खाली घालून अण्णांच्या नावापुढे पासवर्ड टाइप केला. तो त्याने फार विचार करून ठरवला नाही. त्या वेळी मनात जे आले तेच बोटांतून उतरले. पेटीची मुख्य किल्ली, म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड बदलता येतील असा ॲडमिनचा पासवर्ड, रीतीप्रमाणे त्याच्या बायकोने ठरवला आणि त्याला सांगितला नाही.

काळ्या यादीतून नाव निघाले. टपाल सुरू झाले. आणि त्याबरोबर कार्यालयात एक नवेच दृश्य दिसू लागले. संगणक एकच होता. सासूबाईंनी दुकानाला उत्तर लिहिले, की त्या हाक मारत, "वन्सं, या हो." आत्या हात पुसत येत. सासूबाई उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. आत्या खुर्चीत बसून पासवर्ड टाइप करत, पत्र सुटे, आत्या जात, सासूबाई पुन्हा खुर्चीत बसत. मग मेस्त्रींना काचेच्या व्यापाऱ्याला लिहायचे असे, तेव्हा मेस्त्री भिंतीकडे आणि सासूबाई खुर्चीत. दर वेळी संगणक नम्रपणे विचारी, पासवर्ड लक्षात ठेवू का? आत्या ठामपणे 'नको' दाबत.

"त्याने लक्षात ठेवला तर दोघांना माहीत झाला," त्या म्हणत.

दुसऱ्या दिवशी एक काच गावातल्याच दुकानातून परत आली. तिच्या कडेला बारीक ओरखडा होता. दिवे गेले त्या क्षणी यंत्रात असलेली हीच ती काच. मेस्त्रींनी ती नंतर तशीच पुरी केली होती, आणि आत्या त्या दिवशी पासवर्डाच्या गडबडीत उजेडात न धरताच हूं म्हणाल्या होत्या.

"तुम्ही घासताना लक्ष कुठं होतं?" आत्यांनी विचारले.

"तुम्ही तपासताना कुठं होतं?" मेस्त्री म्हणाले.

"माझ्या नजरेतून आजवर ओरखडा सुटलेला नाही."

"माझ्या हातून आजवर पडलेला नाही."

जावई दारात उभा राहून हे ऐकत होता. ओरखडा कुणाचा हे त्याला पक्के ठाऊक होते. तो पुढे झाला. "अहो, खरं म्हणजे ती वीज..."

"जावईबापू, तुम्ही मध्ये पडू नका," दोघे एकदम आदराने म्हणाले. "तुम्ही बसा."

मेस्त्रींनी जाहीर केले की ते आता आत्यांचा पासवर्ड टाइप करणार नाहीत. सासूबाई समजूत घालायला गेल्या, "मेस्त्रींचं पण थोडं खरं आहे." झाले. आत्या म्हणाल्या, "असं का वहिनी? मग तुमचं टपाल तुम्हीच सोडा." सासूबाईंना वाईट वाटले, आणि हे सगळे ज्यांच्यामुळे सुरू झाले त्या मेस्त्रींचे टपाल त्यांनीही अडवले. जेवणाच्या वेळेपर्यंत तिघांची कुलपे बंद होती आणि तिघांच्या किल्ल्या एकमेकांच्या डोक्यांत होत्या. माणसे तीन वेगवेगळ्या भिंतींकडे तोंड करून बसली, आणि या वेळी पासवर्डासाठी नव्हे.

"अण्णांच्या नावाने सगळं पाठवू या," जावयाने सुचवले. "त्यांचा पासवर्ड तर माझ्याकडे आहे."

"माझ्या नावाने मी स्वतः न बघितलेलं काही जात नाही," अण्णा म्हणाले. "आपण मनाला लावून घेऊ नका."

जावयाने मदतीच्या मुलीला फोन लावला. तिने सगळे ऐकून घेतले.

"सर, परत एकदा सांगाल? कुणाचा पासवर्ड कुणाकडे आहे?"

त्याने परत सांगितले.

"असं मी आजपर्यंत ऐकलेलं नाही, सर," ती शेवटी म्हणाली. "पण सोपं आहे. ॲडमिन पासवर्ड टाका आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा नवा द्या."

तो बायकोकडे गेला. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

"ॲडमिनचा पासवर्ड सांग."

"सांगते की. आधी बाबांना खरं सांग. टेबलं विकतोस म्हणून."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी? उद्या आपण परत जाणार. खाली माझी आई, आत्या आणि मेस्त्री एकमेकांशी बोलत नाहीत, आणि सगळं तुझ्या त्या बटणामुळे. मी बघत होते."

"पण तुझे बाबा मला पाहुणा म्हणतात. निदान मोठा पाहुणा तरी राहू दे. टेबलवाला म्हटल्यावर तेही जाईल."

बायकोने तोंडातला चिमटा काढून दोरीला लावला. "बघ बाबा तुझं तू."

तो जिना उतरत होता तोच खालून हाक आली. "जावईबापू, जरा येता का? एक पत्र जायचं आहे."

अण्णा संगणकासमोर बसले होते. दोन बोटांनी त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलेले दिसत होते. जावई येताच ते अदबीने उठले, खुर्ची पुसली, त्याला बसायला सांगितले आणि रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून, हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

आता श्रोत्यांच्या लक्षात आलेच असेल. ज्याचे पत्र तो भिंतीकडे बघणार, आणि दुसरा पडद्याकडे. पासवर्ड झाकला जात होता आणि पत्र उघडे पडत होते. ही गोष्ट कारखान्यात कुणाच्याच ध्यानात आली नव्हती, कारण आजवर पत्रांत काचा आणि नंबर यांशिवाय काही नव्हतेच.

जावयाला वाचायचे नव्हते. पण पत्र त्या टक्कल पडलेल्या डॉक्टरमित्राला होते आणि अक्षर मोठे होते. अण्णांनी लिहिले होते, "तुमच्याकडे संगणकाचा जो माणूस येतो त्याला गुपचूप इकडे पाठवा. आमच्या जावयांना यातलं काही कळत नाही. ते टेबलं विकतात हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे, मी त्यांच्या दुकानावरून चक्कर मारून आलो होतो. पण पोरगा जीव तोडून करतोय. त्याचं मन दुखवायला माझा जीव होत नाही. माणूस आला की तेलाच्या चौकशीला आलोय असं सांगू दे."

जावयाच्या बोटांखाली कीबोर्ड तसाच राहिला. त्याला आधी लाज वाटली, मग हसू आले, आणि यातले खरे कुठले हे काही त्याला ठरवता येईना.

"सुटलं का?" अण्णांनी भिंतीला विचारले.

"नाही."

"का बरं?"

"अण्णा, पत्रात एक चूक आहे."

"कसली?"

"यातलं काही कळत नाही, असं लिहिलंय तुम्ही. कालपासून थोडं कळायला लागलंय."

अण्णांचे हात पाठीमागे सुटले. ते हळूहळू वळले. काच उजेडात धरून बघावी तसे त्यांनी जावयाकडे बघितले.

"तू माझं पत्र वाचलंस?"

"समोरच होतं."

"समोर होतं म्हणून वाचायचं? उद्या समोर विहीर आली तर उडी मारशील? आणि काल ते बटण दिसलं म्हणून ओढलंस. कारखाना चालू असताना सगळ्यात मोठं बटण खाली ओढायचं असतं, हे कुठल्या टेबलवाल्याने शिकवलं तुला? एक काच गेली. ती दोघं एकमेकांच्या जिवावर उठलीत आणि तू दारात उभा राहून बघतोस. तोंड आहे ना तुला? लग्नात तोंड नव्हतं, आत्ता तरी आहे ना? टेबलं विकतो म्हणायला लाज वाटते? मी काचा विकतो, मला वाटते का?"

आवाज वाढत वाढत छताला लागला. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, आत्या पाकिटे टाकून आल्या, मेस्त्री हातातल्या काचेसकट आले, बायको जिन्यावरून ओले कपडे तसेच टाकून आली. सगळे दारात गोळा झाले. घरात आजवर पुष्कळ वेळा आवाज झाला होता, पण आज ज्याच्यावर होत होता तो माणूस खुर्चीत बसून, डोळे भरून, हसत होता.

"हसतोस काय?" अण्णा कडाडले. "आणि माझा पासवर्ड सांग आधी. काय ठेवलायस?"

"तो एकालाच माहीत पाहिजे, अण्णा."

"सांग म्हणतो ना."

जावयाने मान खाली घातली. "अण्णारागवाकी."

"काय?"

"तोच पासवर्ड आहे. अण्णा रागवा की. मध्ये जागा न सोडता."

अण्णांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. तो पुसायची काही गरज नव्हती, कारण त्या घरात कुणाचाच चष्मा कधी मळलेला नसे. तरी त्यांनी तो धोतराच्या नाही तर सदऱ्याच्या टोकाने, जे हाताला लागेल त्याने, बराच वेळ पुसला.

"गाढवा," ते म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता.

मग काय, बांध फुटला. आत्या म्हणाल्या, "म्हणजे तो ओरखडा तुझा? आणि मी या बिचाऱ्या मेस्त्रींना बोलले." मेस्त्री म्हणाले, "आणि मी ताईंना नाही नाही ते म्हणालो. अहो, वीज घालवताना एक हाक मारायची." सासूबाईसुद्धा, ज्या दाराला हात लावून धरत, त्या म्हणाल्या, "पुन्हा तसलं काही केलंस तर बघ हं." तिघांची भांडणे मिटली, कारण तिघांना रागवायला एक माणूस मिळाला. जावई ते सगळे कान भरभरून ऐकत होता. तहानलेल्याने ओंजळीने पाणी प्यावे तसा.

पत्र पुसून टाकले गेले. बायकोने ॲडमिनचा पासवर्ड सांगितला. तो काय होता हे तिने फक्त नवऱ्याच्या कानात सांगितले आणि त्याचे कान लाल झाले, म्हणून आपणही विचारायला नको. मदतीच्या मुलीला फोन लागला, आणि संध्याकाळच्या आत ज्याचा पासवर्ड त्याच्याकडे गेला. आत्यांनी तेवढी एक अट घातली, की पाठवण्याआधी पत्र दुसऱ्याने वाचायचे, आणि तपासणाऱ्याने भिंतीकडे तोंड करायचे नाही. निघताना अण्णांनी जावयाला पिशवी दिली आणि म्हणाले, "एक चांगलं टेबल पाठव. वायरी खाली लोंबतात, त्यांना मागून जायला भोक असलेलं. आणि उशीर केलास तर याद राख."

जावई घरी परतला, कामाला लागला. काही दिवसांनी सकाळी दुकानात फोन वाजला.

"काय रे, माझा पासवर्ड चालत नाही. तू काय करून ठेवलंस?"

"मी काही नाही केलं अण्णा. तुम्ही स्वतःच नवा ठेवला होता."

"मग विसरलो मी. हे तुझं यंत्रच असलं, माणसाला विसरायला लावतं. मुळात तुला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" आणि तिथून पुढे चहा गार होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. जावई काळजीत पडला. अण्णांची स्मरणशक्ती गेली की काय, म्हणून त्याने हळूच आत्यांना फोन केला.

"दादा विसरेल?" आत्या म्हणाल्या. "त्याला पोरपणी घासलेल्या काचांचे नंबर आठवतात. रोज तुझ्याशी बोलून झालं की फोन ठेवतो आणि न बघता पासवर्ड टाइप करतो. मी उजेडात उभी राहून बघते ना."

गोष्ट इथे संपली. आता उठण्याआधी एवढे करा. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, जावई असेल, सून असेल, लांबून राहायला आलेले कुणी असेल, ज्याला तुम्ही अजून चांगली खुर्ची देता आणि मऊ आवाजात बोलता. त्या माणसाची आज आठवण ठेवा. आणि देव तुमचे भले करो, घरी गेल्यावर त्याला एकदा मनापासून रागवा.